विचारा स्वयंपाकाचं : लेक इलोइलोला, चिंच सोलापुरात

प्रश्न : नमस्कार ताई, माझी मुलगी फिलिपिन्सला इलोइलो शहरात मेडिकलला आहे. तिच्या घरमालकीण काकू तुरीचे दाणे आणि कच्चा फणस घालून आमटीसारखं काहीतरी करतात, हिच्यासाठी बिनमटणाचं वेगळं काढतात, आणि त्यात बटवान नावाचं हिरवं फळ टाकतात. ती म्हणते आई, आमसुलासारखं लागतं पण आमसूल नाहीये. शिवाय सिनिगांग नावाचं आंबट सूप तिला फार आवडलंय, डिसेंबरात घरी येईल तेव्हा करून घाल म्हणतेय. ही फळं सोलापुरात मिळतील का, नाहीतर चिंचेच्या कोळावर भागेल का? – एक आई, होटगी रोड

उत्तर : ताई, तुमच्या लेकीची जीभ एकदम बरोबर आहे. बटवान आणि कोकम सख्खी भावंडंच म्हणा, दोघांचंही शास्त्रीय नाव गार्सिनियानंच सुरू होतं. फरक एवढाच की आपण कोकमाची साल वाळवून आमसूल करतो आणि इलोइलोकडं बटवानचं अख्खं हिरवं फळ उकळत्या रश्शात सोडतात, मऊ झालं की पळीनं भांड्याच्या कडेला दाबायचं, जेवढं दाबाल तेवढं आंबट. तुम्ही म्हणताय त्या पदार्थाचं नाव काद्योस-बाबॉय-लांगका, म्हणजे तूर, डुक्कर आणि फणस, बस, जे आत आहे तेच नाव. काद्योस म्हणजे आपली तूरच हो, त्यानं रस्सा काळपट जांभळा होतो. डिसेंबरात आपल्याकडं ओल्या तुरीच्या शेंगा येतातच, त्या सोलून दाणे घ्या, कच्चा फणस मिळाला तर छानच, आणि बटवानच्या जागी चार-पाच आमसुलं. रंग थोडा लालसर येईल, पण आंबटाची जात तीच राहील.

आता सिनिगांग. इथं मात्र चिंचेचा कोळ वापरू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगते. त्या सूपला तिकडं सगळ्यात जास्त चालते ती चिंचच, सांपालोक म्हणतात, मनिलातल्या एका भागाचं नावच सांपालोक आहे, पण ती कच्ची, हिरवी चिंच. आपल्या डोक्यात चिंच म्हटलं की वर्षाची भरून ठेवलेली काळी चिंच येते आणि तिच्या मागोमाग गुळाचा खडा. चिंच पिकते तेव्हा तिचा आंबटपणा फारसा कमी होत नाही, आत साखर वाढते, म्हणून पिकलेल्या चिंचेची चव जड आणि गोडसर लागते. हिरवीत ती साखर नसते, आंबट अगदी स्वच्छ, पाण्यासारखं पातळ लागतं. सिनिगांगमधे गूळबिळ काही नसतो, त्याची सगळी मजा त्या स्वच्छ आंबटातच आहे.

आणि डिसेंबर म्हणजे तुमच्या नशिबानं बरोबर वेळ, आपल्याकडं चिंचेचे आकडे तेव्हा हिरवे असतात, काही गाभुळायला लागलेले. गाभुळलेले मुलांना द्या, सूपला हिरवेच निवडा. चार माणसांना साधारण दोनशे ग्रॅम आकडे सालीसकट दोन पेले पाण्यात उकळायचे, पंधरा मिनिटांत साल फुटते, मग डावानं ठेचून गाळणीतून दाबून गाळायचं, साल-चिंचोके टाकून द्यायचे. मी मागच्या वर्षी शेतावरच्या झाडाचे आकडे आणून केलं होतं, गाळलेलं पाणी फिकट हिरवट-तपकिरी दिसत होतं, मला वाटलं यात काय दम असणार, पण चमचाभर तोंडात घेतलं तर कानामागं झिणझिण्या आल्या. म्हणून सगळं एकदम ओतू नका, चाखत चाखत घाला.

सूपला साधं पाणी नको, तांदूळ दुसऱ्यांदा धुतलेलं पाणी घ्या, तिकडंही तेच घेतात, त्यानं रश्श्याला हलका दाटपणा येतो. त्यात कांदा, टोमॅटो आणि अळूचे कंद आधी शिजवा, मग मुळा, चवळीच्या शेंगा, वांगं, भेंडी, दोन लांब हिरव्या मिरच्या अख्ख्या, शेवटी पालेभाजी. तिकडं नाळीची भाजी घालतात, मिळाली नाही तर पालक चालेल. बघा ना, बहुतेक यादी लक्ष्मी मंडईत एका फेरीत होते! मीठाऐवजी ते माशाचं खारं पाणी वापरतात, तुम्ही मीठच घाला. फोडणी, हळद, मसाला काहीही नको, हात शिवशिवेल तरी नको. आणि सोबत भाकरी नाही, गरम भात.

प्रश्न : गोव्याहून नणंदेनं बिलिंबी पाठवलीय. फिलिपिन्समधे कामियास म्हणतात ती हीच का? वजन आणि कोलेस्टेरॉलसाठी रोज सकाळी तिचा रस पितात असं ऐकलं, घेऊ का? – मुरारजी पेठ

उत्तर : हो, कामियास तीच, बोटाएवढी हिरवी, खोडाला घोसानं लगडणारी. तिकडं सिनिगांगला आणि माशाला सर्रास घालतात. पण रस रोज पिऊ नका, कृपा करून. बिलिंबीत ऑक्झॅलिक आम्ल फार असतं आणि असा कच्चा रस पेलाभर प्यायलेल्या लोकांच्या किडन्या अचानक बंद पडल्याच्या केसेस केरळच्या डॉक्टरांनी नोंदवल्यात. कालवणात दोन-चार फळं घालणं वेगळं आणि रिकाम्या पोटी रस पिणं वेगळं. घरात कुणाला किडनीचा त्रास असेल तर मात्र कालवणातही नको, आणि तिची बहीण स्टारफ्रूट तीसुद्धा नको.

प्रश्न : विलायती चिंचेला इंग्रजीत मनिलाची चिंच म्हणतात, मग सूपला ती चालेल का? – अक्कलकोट रोड

उत्तर : नाही चालणार, ती गोडसर-तुरट, आंबट नव्हेच. आणि ती मूळची मनिलाचीही नाही, मेक्सिकोची. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून मनिलाला स्पॅनिश गलबतं यायची, त्या वाटेनं ती फिलिपिन्सला आली.

प्रश्न : आमच्याकडं पूर्व भागात चैत्रात चिंत चिगुरु घालून पप्पू, म्हणजे डाळ, करतात. चिंचेचा कोवळा पाला तिकडं खातात का हो? – एक पद्मशाली सूनबाई

उत्तर : खातात की! सिनांपालुकान नावाचं कोंबडीचं आंबट कालवण असतं, आल्यावर कोंबडी परतून त्यात चिंचेचा कोवळा पाला घालतात. तुमच्या सासूबाई चिगूर तळहातावर चोळून, काड्या-शिरा झटकून मगच डाळीत टाकत असतील, इथंही तसंच करा. पाला लालसर-पोपटी असेपर्यंतच घ्या, गडद हिरवा झाला की चोथा लागतो.