डॉक्टर न होताही रोगाशी भिडता येतं

ताई, नमस्कार.

तुमची मुलगी बारावीला आहे, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवलंय, नीटचा क्लास चालू आहे. तिला मात्र माणसाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत छोटं यकृत, छोटं आतडं वाढवून त्यावर औषधं तपासण्याचं काम करायचंय. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात आहेत आणि दीर म्हणतात, बी.फार्म. करून मोकळी होऊ दे. हे क्षेत्र खरं आहे की मोबाइलवरचं खूळ, आणि सोलापुरातून तिथवर वाट आहे का, असं तुम्ही विचारलंय.

क्षेत्र खरं आहे आणि त्याची गरज फार मोठी आहे. 1993 साली अमेरिकेत हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजारावरच्या फियालुरिडीन या औषधाची चाचणी झाली. प्राण्यांवर ते निर्धोक दिसलं होतं. 15 रुग्णांना दिलं, त्यातले 5 दगावले आणि 2 जण यकृत बदलल्यामुळे वाचले. प्राण्याचं यकृत माणसाच्या यकृतासारखं वागेलच असं नाही, म्हणून माणसाच्याच पेशींवर औषध आधी पारखायचं. जपानच्या शिन्या यामानाका यांनी 2007 मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशींना पुन्हा मूलपेशींसारखं, म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी बनतात तशा पेशींसारखं, करून दाखवलं. 2009 मध्ये नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या आतड्यातल्या एकाच मूलपेशीपासून इवलंसं आतडं वाढलं. अशा रचनेला ऑर्गनॉइड म्हणतात. ज्या रुग्णाचा आजार अभ्यासायचा, त्याच्याच पेशींपासून हे वाढवता येतं, ही यातली सगळ्यात मोलाची गोष्ट.

कायदाही बदललाय. औषधाची माणसांवर चाचणी सुरू करण्याआधी प्राण्यांवर चाचणी झालीच पाहिजे, ही अट अमेरिकेने 2022 च्या डिसेंबरात काढली. भारतानेही 2023 मध्ये नियम दुरुस्त करून प्राण्यांऐवजी वापरायच्या अशा पेशींच्या पद्धतींना वाट दिली. औषध कंपन्या या कामासाठी माणसं घेऊ लागल्या आहेत, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

पण हे ऑर्गनॉइड अजून अपुरे आहेत. त्यांच्यात रक्तवाहिन्या नसतात. ऑक्सिजन बाहेरून झिरपत आत जातो, तोही मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढाच. गोळा त्याहून बराच मोठा झाला की मधल्या पेशी मरू लागतात. मग कोणी बारीक नळ्यांच्या चिपमध्ये पेशी वाढवून त्यांच्यावरून द्रव खेळवतो, कोणी पेशींचे थर छापतो, कोणी केसाहून बारीक तंतूंची जाळी विणून तिच्यावर पेशी रुजवतो. ताणा-बाणा रोज हाताळणाऱ्या वडिलांना हे शेवटचं काम मुलीने जरूर समजावून सांगावं. इथे जीवशास्त्राइतकीच गणित आणि भौतिकशास्त्राची गरज पडते, म्हणून तिने गणित सोडलं नाही याचा मला फार आनंद झाला.

तिला एक गोष्ट आत्ताच सांगा. पेशींना रविवार नसतो आणि दिवाळीही नसते. दर दोन-तीन दिवसांनी त्यांचं पोषणद्रव्य बदलावं लागतं, आणि एकदा बुरशी शिरली की महिन्याची मेहनत वाया जाते. तिला असं चिकाटीचं काम आवडतं का, ते घरात तुमच्याइतकं कोणाला कळणार?

आता वाट. नीटचा अभ्यास चालू राहू द्या. पुण्यात आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, तिच्या प्रवेशासाठी आयएटी ही परीक्षा असते, तिच्यात जीव, रसायन, भौतिक आणि गणित चारही विषय येतात. ती जरूर द्यावी. बी.फार्म.साठी एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षाही द्यावी. आयसर मिळालं तर प्रश्नच नाही. नाही मिळालं तर माझं मत तुमच्या दिरांच्या बाजूने आहे, फक्त 'मोकळी होऊ दे' हे मला मान्य नाही. बी.फार्म. सोलापुरातच होतं, घरचा खर्च आटोक्यात राहतो, चार वर्षांनी नोकरीची सोय असते, आणि औषध शरीरात काय करतं हे पक्कं कळतं. पुढे जीपॅट ही औषधनिर्माणशास्त्राची परीक्षा आणि नायपरची स्वतःची प्रवेश परीक्षा देऊन नायपर या औषध संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेत जाता येतं. बी.एस्सी. केली तर जॅम किंवा गॅट-बी या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षा देऊन चांगल्या संस्थेत एम.एस्सी. करावी लागेल. तिथून नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली की पीएच.डी.च्या सुरुवातीला महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो, घरून पैसे मागवावे लागत नाहीत. पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, हैदराबादचं सीसीएमबी ही पेशी आणि रेणू जीवशास्त्राची संस्था, बंगळूरचं इनस्टेम ही मूलपेशींच्या संशोधनाची संस्था, आयआयटी मुंबईचा जैवअभियांत्रिकी विभाग, ही तिने आत्तापासून नजरेत ठेवायची ठिकाणं. पुणे आणि हैदराबाद तर आपल्याला दोन्ही बाजूंनी रेल्वेने जवळ.

भारी नावाच्या अभ्यासक्रमासाठी कर्ज काढून लाखो रुपये भरू नका. कुठलंही कॉलेज बघायला गेलात की सेल कल्चरची, म्हणजे पेशी वाढवण्याची, खोली दाखवायला सांगा. तिथला इन्क्युबेटर, म्हणजे पेशींना ऊब देणारी पेटी, चालू आहे का आणि पदवीचे विद्यार्थी स्वतःच्या हाताने पेशी वाढवतात का, हे मुलीलाच विचारू द्या. खोलीला कुलूप असेल तर पुढचं कॉलेज बघा.