वैतरणेची खाडी : तिथीवरून भरती, काट्यावर मीठ

प्रश्न : त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणा पश्चिमेला समुद्राला मिळते, तिथली खाडी नववीच्या मुलांना दाखवायची आहे. ओहोटीची वेळ नाशिकला बसून कशी काढावी? पाण्याचा खारटपणा मुलांना मोजता येईल का?
– एक शिक्षिका, पंचवटी

उत्तर : घरचं कॅलेंडर काढा. तिथीची पाऊणपट म्हणजे आपल्या उत्तर कोकणात भरतीची अंदाजे वेळ, हा कोळ्यांचा जुना हिशेब. पंचमी असेल तर ५ ची पाऊणपट पावणेचार. त्यात सव्वासहा तास मिळवले की सकाळी दहाच्या सुमारास ओहोटी. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. मुखापासून आत जाल तसा उशीर वाढतो. अष्टमी मात्र टाळा. त्या दिवशी भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी; पाणी फारसं उतरत नाही, मग निवट्या (चिखलात उड्या मारणारे मासे) आणि चिंबोऱ्या (खेकडे) दिसायला हवा तेवढा चिखल उघडा पडत नाही. ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी फिरलं की लगेच निघा, कारण बाजूचे ओहळ आधी भरतात आणि परतीची वाट अडते.

खारटपणा मुलांना नक्की मोजता येईल. खारं पाणी जड, ते तळाशी राहतं. म्हणून नमुने दोन हवेत, एक वरचा आणि एक तळाचा. तळाच्या नमुन्यासाठी बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा, बाटली तळाशी टेकली की बूच ओढा. शाळेत पाव लिटर पाणी मंद आचेवर आटवा. शेवटी मीठ तडतडून उडतं, तेव्हा झाकण अर्धं ठेवा. उरलेलं मीठ कोमट असतानाच सराफी काट्यावर तोला; गार झालं की ते हवेतली ओल ओढतं आणि वजन फुगतं. निव्वळ समुद्राच्या पाव लिटरमधून पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास मीठ निघतं. तुमच्या बाटलीतून चार-साडेचार निघालं, तर त्या जागी नदी आणि समुद्र निम्मे-निम्मे आहेत. जमल्यास दिवाळीनंतर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा जा. नदीचं गोडं पाणी आटतं, तसा खारटपणा आत सरकतो. वैतरणेवर मुंबईसाठी बांधलेली धरणंही वरचं गोडं पाणी अडवतात, हेही मुलांना सांगा.

तिवराच्या (खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडाच्या) पानाची मागची बाजू जिभेला लावून बघू द्या, झाडाने बाहेर टाकलेलं मीठ लागेल. चिखलातून पेन्सिलीसारख्या वर आलेल्या त्याच्या मुळ्या मात्र तुडवू देऊ नका. खालच्या काळ्या चिखलात प्राणवायू नसतो. मुळांना हवा मिळते ती त्यांच्यातूनच.