आठवी-नववीच्या मुलांना व्यायामाचे महत्त्व शिकवताना ॲनिमेशनचे व्हिडिओ खरोखर उपयोगी पडतात का?

मी ऐरोलीतील एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि गेली काही वर्षे असे व्हिडिओ वर्गात वापरत आलो आहे. आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की शरीरात जे घडते पण डोळ्यांना दिसत नाही, ते दाखवण्यासाठी ॲनिमेशनसारखे साधन नाही. मात्र व्हिडिओ पाहिला म्हणून मूल उठून धावू लागेल, अशी आशा धरू नये.

पहिल्या खेपेस माझीच फजिती झाली. पावसाने मैदानात चिखल झाला होता, म्हणून पीटीच्या तासाला खिडक्या लावून मी वीस-बावीस मिनिटांचा व्हिडिओ दाखवला. नंतर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मुलांनी बिनचूक दिली. परंतु हालचालीचे महत्त्व सांगण्यासाठी आपण चाळीस मुलांना अख्खा तास बाकांवर बसवून ठेवले, हे घंटा झाल्यावर माझ्या ध्यानात आले.

आता मी तीन-चार मिनिटांचाच तुकडा निवडतो आणि तोही मध्येच थांबवतो. विश्रांती घेत असलेल्या प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त पुढे ढकलते आणि जोरदार व्यायामात हे प्रमाण तिपटीहून अधिक होऊ शकते, एवढे चित्रात दिसले की व्हिडिओ थांबतो. मुले मनगटावरील नाडी 15 सेकंद मोजून चारने गुणतात, शाळेचे तीन मजले चढून-उतरून येतात आणि धापा टाकत पुन्हा मोजतात. (दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलांना जिना चढायला लावू नये, ती आकडे टिपून घेतात.) त्यानंतर उरलेला भाग लावला, म्हणजे पडद्यावरचे हृदय त्यांना स्वतःचे वाटते. आकुंचन पावणारे स्नायू रक्तातील साखर कशी ओढून घेतात आणि उड्यांचा भार पडल्यावर हाडांतील पेशींना बळकटीचा संकेत कसा मिळतो, हेही असेच दाखवता येते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली 5 ते 17 या वयासाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल सुचवली आहे. ‘मध्यम’ म्हणजे किती, हा प्रश्न हमखास येतो. चालता चालता बोलता येते पण गाता येत नाही, असे एखादे पात्र दाखवले की तो तिथेच सुटतो.

मुलींच्या बाबतीत मात्र अधिक विचार करावा लागतो. 146 देशांतील 2016 पर्यंतच्या माहितीनुसार 11 ते 17 वयोगटातील 85 टक्के मुली आणि 78 टक्के मुलगे पुरेशी हालचाल करत नव्हते. आमच्याकडे संध्याकाळी मैदान क्रिकेट खेळणाऱ्या मुलांच्या ताब्यात असते, मुली क्लासला गेलेल्या असतात आणि सोसायटीत ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ अशी पाटी असते. मासिक पाळीत खेळावे की नाही, हे वर्गात मोठ्याने विचारण्यास मुली संकोचतात. तोच प्रश्न पडद्यावरच्या मुलीने विचारला, तर कोणाकडेही माना वळत नाहीत. ॲनिमेशनचा हा लाभ मला सर्वांत मोठा वाटतो. याउलट, जाड मुलाला हास्यास्पद ठरवणारा व्हिडिओ कितीही देखणा असला तरी मी लावत नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्या पात्राचे नाव वर्गातल्याच कोणाला तरी चिकटते.

तयार व्हिडिओंत बहुधा हिरवळीची प्रशस्त मैदाने आणि परक्या देशांतले खेळ असतात. त्यामुळे मी पुष्कळदा आवाज बंद करून स्वतः मराठीतून बोलतो आणि उदाहरणे लंगडी, दोरीवरच्या उड्या किंवा पारसिकच्या चढणीची देतो.

जमल्यास मुलांकडूनच एक चित्रफीत करवून घ्यावी. आमच्या नववीच्या एका गटाने खो-खोमध्ये खांबाला वळसा घालणारा खेळाडू मोबाइलवर एकेक छायाचित्र घेऊन हलता केला. सेकंदाला 12 या हिशेबाने वीस सेकंदांसाठी 240 छायाचित्रे लागली आणि वळताना कोणता पाय आधी पडतो, यावर वाद झाल्यामुळे ती मुले दोन दिवस मधल्या सुट्टीत त्या खांबाभोवती पळत होती.