वाचक विचारतात : ट्रॅक्टरची एअर, पिकअपचा दिवा आणि वाढणारं ऑईल

प्रश्न : २४ एचपीचा, तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर आहे. रोटर मारताना डिझेल संपलं. पुन्हा भरलं, पण सुरू होईना. सेल्फ मारून मारून बॅटरी बसत आली. (संगमनेर)

उत्तर : सेल्फ सोडा, पाना घ्या. इंजिनाने एअर धरली आहे, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरली आहे. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूरच येत नसेल, तर डिझेल नोझलपर्यंत पोचलेलं नाही.

टाकीत निदान पाच लिटर डिझेल असू द्या. पहिल्या फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दीड आटा ढिला करा आणि फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) हातपंप मारत राहा. आधी ताकाच्या फेसासारखं पांढुरकं डिझेल येईल. बुडबुडे थांबून सलग धार लागली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. हात थांबवून आवळलात तर हवा परत आत जाते. मग दुसरा फिल्टर, त्यानंतर नोझलला डिझेल देणाऱ्या मुख्य पंपावरचा स्क्रू. शेवटी तिन्ही नोझलच्या पायपांचे नट थोडे ढिले करा, बहुधा १७ चा पाना बसतो. स्टॉपची दोरी ओढलेली राहिली नाही ना, ते बघा. या एका कारणाने लोक अर्धा दिवस घालवतात. अॅक्सिलरेटर पूर्ण ठेवून दहा सेकंद सेल्फ, मग अर्धा मिनिट विश्रांती. नटाखालून डिझेल उडायला लागलं की एकेक नट आवळत जा. दुसऱ्या नटापर्यंत इंजिन बहुतेक वेळा पकडतंच.

दोन दिवसांनी पुन्हा एअर धरली तर दोष टाकी आणि फीड पंप यांच्या मधल्या लाइनमध्ये शोधा. पंपाच्या पुढे डिझेल दाबाने जातं, तिथली गळती ठिबकते आणि दिसते. मागे मात्र ओढ असते. तिथे इंजिन चालू असताना बारीक फटीतून हवा आत खेचली जाते आणि बाहेरून सगळं कोरडं दिसतं. तडकलेला रबरी पाइप, सैल क्लिप, नाहीतर काढून पुन्हा तोच बसवलेला तांब्याचा वायसर, यातलं काहीतरी निघेल.

प्रश्न : पिकअपचं डिझेल संपल्यावरही असंच नट सोडून एअर काढायची का? (लातूर)

उत्तर : अजिबात नाही. पिकअपचं इंजिन कॉमन रेलचं, म्हणजे एकाच सामाईक नळीतून सगळ्या नोझलना दाबाने डिझेल देणारं असतं; त्यात पायपातला दाब हजार बारच्याही वर जातो. एवढ्या दाबाची बारीक धार कातडी फोडून आत शिरते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, पण ती तातडीने शस्त्रक्रियेला न्यायची जखम असते. फिल्टरवर हातपंप असेल तर तो कडक लागेपर्यंत दाबा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी ऑन करून दहा सेकंद थांबा, बंद करा; असं चार-पाच वेळा करा. मगच सेल्फ.

प्रश्न : बीएस-६ पिकअप आहे, रोज मार्केट यार्डापर्यंत चार किलोमीटर जाते. डीपीएफचा दिवा लागतो. त्यात ऑईलची पातळी कमी व्हायची तर वाढतेच आहे! (नाशिक)

उत्तर : दोन्हीचं मूळ एकच. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. त्यातली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश तापमान लागतं. ते गाठण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं. चार किलोमीटरवर तुम्ही गाडी बंद करता, जाळणं अर्धवट राहतं आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑईलमध्ये उतरतं. पट्टीवर वरच्या खुणेच्या पुढे गेलं असेल तर आधी ऑईल आणि फिल्टर बदला. मग हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं दोन हजार आरपीएमच्या आसपास सलग चालवा. दिवा लुकलुकत असेल तर मात्र शोरूमलाच न्या. जाळणं चालू असताना वाळल्या पाचटावर किंवा कडब्याजवळ गाडी उभी करू नका, सायलेन्सर आग लावण्याइतका तापतो. नवं ऑईल कमी राखेचं, मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं घाला. काजळी जळते, ऑईलची राख जळत नाही. ती फिल्टरमध्येच साचते.

प्रश्न : डीपीएफ नसलेल्या छोट्या ट्रॅक्टरचंही ऑईल वाढतंय, ते कसं? (सांगोला)

उत्तर : पट्टीवरचा एक थेंब वर्तमानपत्रावर टाका. काळ्या डागाभोवती फिकट, तेलकट कडं पसरलं तर डिझेल मिसळतंय. फीड पंप किंवा मुख्य पंपाचे एलिमेंट झिजले असतील, पंप टेस्टिंगला टाका. ऑईल दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी आहे. मग हेड गॅस्केट नाहीतर लायनरच्या रबरी रिंगा बघायच्या.

तोवर ट्रॅक्टर चालवू नका. पातळ ऑईलने बेअरिंग जातं, आणि जादा ऑईल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) हवेच्या नळीत शिरलं तर इंजिन त्याच ऑईलवर पळत सुटतं. तेव्हा स्टॉपची दोरी ओढून उपयोग होत नाही. एअर क्लीनरच्या तोंडावर जाड फळी दाबा. हात किंवा पोतं लावू नका. ते जमलं नाही तर समोर कोणी नाही हे पाहून ब्रेक गच्च दाबा, वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा.