चषकानंतरचा हंगाम

प्रश्न : मी 2014 पासून मुंबई सिटी एफसीचा पाठीराखा आहे. क्लबचा घरचा पहिला सामना नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला, त्यात आपण पुण्याला 5-0 असे हरवले आणि आंद्रे मोरित्झने इंडियन सुपर लीगमधली पहिली हॅटट्रिक केली, तेव्हा मी तिथे होतो. 2024 मध्ये आपण चषक जिंकला आणि पुढच्याच हंगामात बाद फेरीच्या पहिल्या सामन्यात बेंगळुरूकडून तोच आकडा उलटा आपल्या पदरी पडला. प्रशिक्षक तेच, मालक तेच. मग 2024-25 चा हंगाम वाया गेला असेच समजायचे का? (एक वाचक, नेरुळ)

उत्तर : प्रशिक्षक पेत्र क्रात्की तेच होते हे खरे, पण संघ तो राहिला नव्हता. 4 मे 2024 रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर चषकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने आधी आघाडी घेतली, तरी मुंबईने सामना 3-1 असा फिरवला. त्यात बरोबरी साधणारा गोल होर्खे पेरेरा डियाझचा होता आणि चषक स्वीकारणारा कर्णधार राहुल भेके होता. त्यानंतरच्या काही आठवड्यांत हे दोघे आणि मधल्या फळीतला आल्बेर्तो नोगेरा असे तिघेही बेंगळुरूला गेले. मधल्या फळीतलाच अपुइया मोहन बागानकडे गेला, आणि 2024-25 च्या हंगामात लीगची शिल्ड (साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाला मिळते ती) व चषक (बाद फेरीच्या विजेत्याचा) दोन्ही मोहन बागाननेच नेले. एवढे सगळे निव्वळ योगायोगाच्या खाती टाकता येणार नाही.

आता तो 5-0 चा सामना. 11 मार्च 2025 रोजी याच बेंगळुरूला त्यांच्याच कांतीरवा स्टेडियमवर 2-0 असे हरवून मुंबईने बाद फेरीतले शेवटचे स्थान मिळवले होते. त्यानंतर तीन आठवडेही उलटले नव्हते, तर 29 मार्चला त्याच मैदानावर पाच गोल खाऊन संघ परतला आणि पाचवा गोल डियाझने केला. आपल्या जिव्हारी लागला असेल तो बहुधा हाच गोल. तरीही एका रात्रीच्या आकड्यावरून वर्षाचा निवाडा करू नये, असे माझे मत आहे. तेरा संघांत, प्रत्येकी 24 सामन्यांनंतर, मुंबई सहावी होती, आणि संघाची खरी पत तीच होती. पुढच्या फळीत कर्णधार छांगटेचा वेग होता, बिपिन सिंग होता, परंतु प्रतिस्पर्ध्याने दाब वाढवला की चेंडू पायाशी ठेवून खेळ संथ करणारे, सहकाऱ्यांना श्वास घ्यायला उसंत देणारे जे दोन खेळाडू मधल्या फळीतून गेले, त्यांची जागा भरलीच गेली नाही. हंगाम वाया गेला असे मी म्हणणार नाही. चषकाच्या आनंदात उन्हाळ्यातल्या खेळाडूंच्या बदल्यांकडे आपण सर्वांनीच काणाडोळा केला, असे मात्र म्हणेन.

प्रश्न : सुट्टीत भाच्याबरोबर ‘मैदान’ आणि ‘झुंड’ हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले. तो शाळेच्या संघात खेळतो. ‘मैदान’ संपल्यावर त्याने विचारले, “मावशी, मग यानंतर काय झालं?” मला सांगता आले नाही. आपण सांगाल का? आणि या दोहोंत फुटबॉलच्या अधिक जवळचा कोणता? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : भाच्याचा प्रश्न मोलाचा आहे, कारण चित्रपट नेमका त्याच्याच उंबरठ्यावर थांबतो. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ‘मैदान’चे नायक, प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या भारतीय संघाने अंतिम फेरीत दक्षिण कोरियाला 2-1 असे नमवले. याच कोरियाने गटातल्या पहिल्या सामन्यात आपल्याला 2-0 असे हरवले होते. बचावपटू जर्नैल सिंग थायलंडविरुद्ध डोक्याला जखम होऊन टाके पडल्यावर मागे खेळण्याऐवजी थेट आघाडीला खेळला आणि त्याने उपांत्य व अंतिम, दोन्ही सामन्यांत गोल केला. पटकथाकाराने हे स्वतःच्या डोक्यातून काढले असते तर आपण अतिशयोक्ती म्हणून हसलो असतो. त्यानंतर वर्षही झाले नाही आणि 11 जून 1963 रोजी रहीम कर्करोगाने गेले. 1964 च्या आशिया चषकात भारत उपविजेता ठरला, 1970 मध्ये बँकॉकला कांस्यपदक मिळाले, आणि त्यानंतर आशियाई स्पर्धेतले फुटबॉलचे पदक आपल्या वाट्याला आलेले नाही. भाच्याला हे सांगताना 1956 चे मेलबर्न ऑलिंपिकही सांगा : तिथे मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले होते आणि भारत चौथा आला होता.

‘मैदान’मधली अंतिम लढत उत्तम चित्रित झाली आहे. धावणाऱ्या पायांच्या उंचीवरून कॅमेरा फिरतो तेव्हा आपण प्रेक्षक राहत नाही. त्यातले पत्रकाराचे पात्र मात्र खलनायकी थाटाचे आहे, आणि असा एक दुष्ट माणूस समोर उभा केला की संघटनेतले जुने, कंटाळवाणे दोष आपसूक झाकले जातात. नागराज मंजुळे यांनी ‘झुंड’मध्ये उलटे केले. वस्तीतली मुले आणि कॉलेजचा संघ यांच्यातला मोठा सामना त्यांनी मध्यंतराच्या सुमारासच उरकला आणि पुढचा वेळ कागदपत्रांना दिला : पासपोर्ट, पोलिसांचा शेरा, आणि मुलीची ओळख सिद्ध करणाऱ्या एका कागदासाठी बापाने घातलेले खेटे. अनेकांना हा उत्तरार्ध लांबल्यासारखा वाटला. मला तो फुटबॉलच्या अधिक जवळचा वाटतो, कारण गोल करण्याआधी मैदानात शिरू देणार कोण, हा प्रश्न आपल्याकडच्या कितीतरी मुलांपुढे रोज असतो. खेळ म्हणून पाहायचे तर ‘मैदान’ पाहा. पण भाचा शाळेच्या संघात असेल तर ‘झुंड’ त्याच्याबरोबर पुन्हा एकदा, मध्यंतरानंतरचा भाग न पळवता पाहावा.

नेरुळच्या वाचकांचा प्रश्न आणि हा प्रश्न मला एकाच जातीचे वाटतात. मुंबई सिटीवर कोणी चित्रपट काढला तर तो 4 मे 2024 च्या रात्री संपेल आणि भेके, डियाझ, नोगेरा यांचे बेंगळुरूला जाणे त्यात येणारच नाही.

प्रश्न : क्लबचे पहिले दोन हंगाम नेरुळला झाले, मग सामने अंधेरीला गेले. आम्ही नवी मुंबईकरांनी काय करावे? (एक वाचक, वाशी)

उत्तर : तक्रार रास्त आहे. 2022 च्या मुलींच्या 17 वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना ज्या स्टेडियमवर झाला, ते आपल्या दाराशी असताना सात-आठ हजारांच्या मैदानासाठी खाडी ओलांडायची, हे कोणालाही खटकेल. पण व्यवहाराने पाहिले तर पन्नास हजारांहून अधिक खुर्च्यांच्या स्टेडियममध्ये पाच हजार माणसे बसली की आवाज विरून जातो, आणि अंधेरीत तेवढीच माणसे प्रतिस्पर्ध्याला घाम फोडतात. हार्बरने वडाळ्याला गाडी बदलून अंधेरी गाठता येते. ठाण्याच्या वाचकांनी घाटकोपरला उतरून मेट्रो धरावी आणि आझाद नगरला उतरावे, तिथून क्रीडासंकुल पायी जाण्याच्या अंतरावर आहे. संध्याकाळी साडेसातचा सामना संपायला साडेनऊ वाजतात, तेव्हा परतीच्या गाडीची वेळ आधीच पाहून ठेवावी.