आयईएल्ट्सच्या स्पीकिंगमध्ये विज्ञानाचा विषय आला तर

आधी भीती काढून टाका. ही इंग्रजीची परीक्षा आहे, परीक्षक तुमचं विज्ञान तपासत नाही. गुण ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार यांनाच आहेत.

दुसऱ्या भागात तयारीला 1 मिनिट आणि बोलायला 1 ते 2 मिनिटं मिळतात. तिथे क्वांटम किंवा ब्लॅक होल निवडू नका, तिसऱ्या वाक्याला अडकाल. डोळ्यांनी पाहिलेलं घ्या. गोव्यातल्या खाजन शेतीची (खाडीकाठी बांध घालून केलेली शेती) मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, उत्तम: भरतीचं पाणी बाहेरून दाबतं, दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. कारण, क्रिया, परिणाम, सगळं त्यात आहे, आणि साध्या वर्तमानकाळात सांगता येतं. पणजीजवळच्या मिरामारचं विज्ञान केंद्र पाहिलं असेल तर तेही चालेल.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:
- पाठ केलेलं उत्तर. परीक्षकाला लगेच कळतं.
- ‘रिसर्चेस’, ‘इक्विपमेंट्स’. या शब्दांना अनेकवचनाचा ‘एस’ लावू नका.
- शब्द आठवला नाही की गप्प बसणं. वस्तू काय काम करते ते सांगा आणि पुढे चला.

रोज एक विषय, फोनवर 2 मिनिटं रेकॉर्ड करून ऐका. तिसऱ्या भागातल्या चर्चेची काळजी आत्ता नको, आधी ही 2 मिनिटं न थांबता जमू द्या. नक्की जमतील.