लीव्हर, वाफ आणि दळण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे ला पाव्होनी युरोपिकोला हे हाताने लीव्हर ओढून एस्प्रेसो काढायचे यंत्र आहे. पहिला कप छान होतो, पण पाहुणे आले की तिसऱ्या-चौथ्या कपाला करपट चव येते. कॉफी तीच, दळणही तेच. मग बिघडते कुठे?

उत्तर : ग्रुप तापतो. ग्रुप म्हणजे दट्ट्या ज्यात खालीवर होतो तो धातूचा भाग. बॉयलरमध्ये ०.८ बार दाब असतो तेव्हा आतले पाणी साधारण ११७ अंश सेल्सिअस असते. असे पाणी कॉफीवर पडले तर ती करपणारच. पहिल्या कपाच्या वेळी ग्रुप त्यामानाने गार असतो आणि पाण्यातली जादा उष्णता स्वतः पितो. दोन कप झाले की त्याचे पोट भरते.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ग्रुपवर बाहेरून चिकटवायची तापमानपट्टी. पट्टीवर ८० ते ८५ अंश दिसत असताना कप काढायला घ्यावा. गडद भाजलेल्या बियांना यातला खालचा आकडा बरा, फिकट भाजणीला वरचा. पट्टी ९५ कडे गेली असेल तर थांबाच. रिकामा पोर्टाफिल्टर, म्हणजे कॉफी भरायची दांड्याची वाटी, गार पाण्यात बुडवून, पुसून ग्रुपला अडकवा आणि अर्धा मिनिट ठेवा. तो उष्णता ओढून घेतो. ओले फडके गुंडाळले तरी चालते, फक्त हात भाजू देऊ नका. दुधासाठी वाफ नको असेल तर पहिल्या कपानंतर यंत्र बंदच करा. बॉयलरमध्ये दुसऱ्या कपापुरता दाब बहुधा उरलेला असतो. चार पाहुण्यांना एकापाठोपाठ एस्प्रेसो पाजणे हे मात्र या यंत्राचे काम नव्हे.

प्रश्न : लीव्हर खाली ओढताना स्पंजावर दाबल्यासारखे वाटते आणि कपात जेमतेम २० ग्रॅम कॉफी येते. गॅस्केट (दट्ट्याचे रबरी सील) गेले असेल का?

उत्तर : गॅस्केट उघडायची घाई नको. आधी हवेचा बंदोबस्त करा. थंड यंत्र तापताना पाण्यावरची हवा बॉयलरमध्येच कोंडते. त्यामुळे दाब भरल्यासारखा दिसतो, पण पाणी पुरेसे तापलेले नसते. दाब पहिल्यांदा चढला की वाफेची तोटी उघडा, फुसफुस संपून सलग कोरडी वाफ येईपर्यंत सोडा, बंद करा आणि दाब पुन्हा चढू द्या.

दुसरी हवा असते ती दट्ट्याखाली. थेट लीव्हरच्या, म्हणजे स्प्रिंग नसलेल्या यंत्रात लीव्हर पूर्ण वर गेल्यावरच दट्ट्याखालची भोके उघडतात आणि पाणी आत येते. लीव्हर वर नेऊन लगेच खाली ओढला तर खाली पाणी कमी आणि हवा जास्त राहते. तो स्पंज म्हणजे हीच हवा. लीव्हर सावकाश वर न्या, ८ ते १० सेकंद तिथेच धरा आणि पोर्टाफिल्टरखाली पहिले थेंब दिसले की ओढायला लागा. मोजमाप असे धरा : १४ ते १५ ग्रॅम कॉफी, कपात २८ ते ३० ग्रॅम, ओढायला २५ ते ३० सेकंद. एस्प्रेसोसाठी नेहमी सांगितल्या जाणाऱ्या ९ बार दाबाचा हट्ट धरू नका. ६-७ बारच्या आसपास एकसारखा दाब राहिला तरी चव उत्तम येते. एका हाताने यंत्राचा तळ धरायला विसरू नका, हलके यंत्र पुढे कलंडते.

कप तरीही लहान वाटला तर थोडेसे ओढून लीव्हर पुन्हा हळूच वर न्या, दोन सेकंद थांबा आणि मग पूर्ण ओढा. हे झटक्यात केले तर दट्ट्याच्या ओढीने कॉफीची चकती उचलली जाते, तडकते आणि पाणी त्या फटीतून पळते.

प्रश्न : कोणकोणती उपकरणे घ्यावीत? टॅम्पर (कॉफी दाबायचा ठोकळा), सुयांचे ढवळणे, जाळी, दाबमापक... यादी संपतच नाही.

उत्तर : आधी चांगला ग्राइंडर. दळण किंचित जाड झाले की लीव्हर लोण्यातून गेल्यासारखा खाली येतो, अति बारीक झाले की हलतच नाही. बारीक-बारीक पायऱ्यांनी फिरणारा ग्राइंडर नसेल तर बाकी सगळा खर्च वाया. त्यानंतर ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा आणि कपाखाली मावणारा छोटा काटा. तिसरा नंबर बास्केटमध्ये (पोर्टाफिल्टरमधल्या भोकांच्या वाटीत) नेमका बसणाऱ्या टॅम्परचा, कारण सोबत येणारा प्लास्टिकचा टॅम्पर कडेची कॉफी दाबतच नाही. मागवण्यापूर्वी बास्केट मोजा : पाव्होनीच्या जुन्या यंत्रांत ४९ मिमी, साधारण २००० नंतरच्यांत ५१ मिमी. ०.३-०.४ मिमी सुयांनी गुठळ्या छान फुटतात. बुचात सुया खोचून घरीच करता येते.

चकतीवर ठेवायची धातूची जाळी या यंत्रात जपून वापरा. वर जागा कमी असते, तेव्हा कॉफी एखादा ग्रॅम कमी करा, नाहीतर जाळी वरच्या चाळणीला टेकते. तेच काम कागदी गोल फिल्टर विनातक्रार करतो. दट्ट्यावर बसणारा दाबमापक शिकायला मजेदार आहे. हात बसला की त्याच्याकडे फारसे पाहिले जात नाही.

प्रश्न : आमचे स्प्रिंगचे यंत्र आहे. लीव्हर हातातून सुटला आणि जोरात वर गेला. हे धोक्याचे आहे का?

उत्तर : हो. जबडा फुटू शकतो. स्प्रिंगच्या यंत्रात लीव्हर खाली ओढला की स्प्रिंग आवळते आणि पुढचा दाब तीच देते. खाली कॉफीचा अडथळा नसेल, म्हणजे दळण जाड असेल किंवा पोर्टाफिल्टर नीट अडकला नसेल, तर सगळा जोर लीव्हरवर येतो. विरोध जाणवेपर्यंत मूठ सोडू नका आणि तोंड लीव्हरच्या रेषेत आणू नका.

प्रश्न : कप झाल्याबरोबर पोर्टाफिल्टर काढला की गाळ भस्सकन उडतो. उपाय?

उत्तर : आत दाब उरलेला असतो. अर्धा मिनिट थांबा, मग पोर्टाफिल्टर किंचितच फिरवा, हवा निघू द्या आणि नंतर काढा. दाब सोडवायला लीव्हर वर नेऊ नका. वरपर्यंत गेला तर बॉयलरचे उकळते पाणी आत येईल. बॉयलरचे झाकणही दाब पूर्ण उतरल्याशिवाय उघडायचे नाही आणि पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी दिसत नसेल तर यंत्र सुरू करायचे नाही, हीटर जळतो.